आईला घेऊन इकॉनॉमीतून शिकागो: १५ तासांच्या विमानाचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, कारण ज्यांच्या घरी तिकिटाची गडबड चालू असते त्यांना सगळं वाचायला वेळ नसते. मुंबईहून आखातात उतरायचं, तिथून शिकागो, दुसरं विमान साडेचौदा-पंधरा तासांचं, सगळं इकॉनॉमी, अन् सोबत पासष्टी ओलांडलेली आई जिनं आजवर विमान फक्त वावरातून मान वर करून पाहिलं होतं. जमते. आपल्या इकडच्या आईबापाला हा प्रवास झेपते, फक्त त्यांना आयल सीट मिळाली पाहिजे म्हणजे रस्त्याकडची. पाच पैकी साडेतीन स्टार देतो, अन् जे दीड कापले ते सीटच्या कारभारापायी कापले, जेवण अन् टीव्ही यांच्यासाठी मी कोणाचे स्टार कापत नाही.

आम्ही नांदगाव खंडेश्वर तालुक्यातले. ताई शिकागोजवळ राहते, तिच्याकडं पाळणा हलणार होता, मंग आईला पोचवून द्यायचं अन् मी पेरणीच्या आत परत यायचं असं ठरलं. नागपूरहूनही आखाताकडं विमान जाते पण आमच्या तारखांना ते महाग पडत होतं, म्हणून बडनेऱ्यातून विदर्भ एक्सप्रेस पकडली अन् मुंबईहून पहाटेचं विमान घेतलं. ज्यांना परवडते त्यांनी नागपूरहूनच जावं असं माझं मत आहे, म्हाताऱ्या माणसाला रात्रभर रेल्वे, मंग मुंबईची दगदग, मंग पहाटेचं विमान अन् त्याच्यावर पंधरा तास हे लय होते. आम्ही मधे दिवसभर नातेवाइकाकडं आईला आडवं पडू दिलं म्हणून निभलं. मुंबई ते आखात तीन तास, त्यात सांगण्यासारखं काही नाही, नाश्ता आला अन् उतरायची वेळ झाली.

आता मुख्य गोष्ट, सीट. इकॉनॉमीची सीट केवढी असते हे तिकिटावर कुठंच लिहिलेलं नसते. आमचं विमान बोइंग ७७७, एका ओळीत दहा सीटा, तीन-चार-तीन अशा. रुंदी साधारण १७ इंच, अन् तुमच्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत ३१-३२ इंच, त्यात सीटची जाडी पण आली, म्हणजे गुडघ्याच्या वाट्याला काय उरते ते घरी टेप लावून पाहा. आपल्या ओसरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत माणूस याच्यापेक्षा ऐसपैस बसते. एअरबस ए३५० असेल तं बहुतेक कंपन्या एका ओळीत नऊच सीटा बसवतात, तिथं सीट जवळपास इंचभर रुंद मिळते, अन् पंधरा तासांत तो एक इंच समजते बरं. तिकीट काढताना विमान कोणतं आहे ते लिहिलेलं असते, तेवढं नक्की पाहा.

आम्ही हे सगळं पाहून, तिकिटावर वेगळे पैसे भरून आईसाठी आयल सीट घेतली होती अन् तिच्या बाजूची मी. आखातात गेटवर नवे बोर्डिंग पास हातात दिले तं आईची सीट चौघांच्या मधली अन् माझी पार दहा ओळी मागं. विचारलं तं म्हणे विमान बदललं, सिस्टिमनं सीटा आपोआप दिल्या. विमान बदलू शकते, त्यात काही बिघाड असेल, उशीर असेल, ते मला समजते. पण ज्या माणसाकडून सीटचे पैसे घेतले त्याला आधी नीट बसवायचं का नाही? वय त्यांच्याकडं लिहिलेलं, व्हीलचेअर मागितल्याची नोंद त्यांच्याकडं, अन् तरी त्या माणसाला चौघांच्या मधी कोंबायचं, सोबतचा पोरगा दहा ओळी मागं टाकायचा. काउंटरवरची बाई वाईट काही बोलली नाही पण तिनं एकदाही मान वर करून आईकडं पाहिलं नाही, मला राग आला तो त्याचा. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ओळखीच्या दोन-तीन घरच्यांना वेगवेगळ्या कंपन्यांत हाच अनुभव आला, विमान बदललं की आधी घेतलेली सीट जाऊ शकते हे सगळ्यांनीच धरून चालावं.

विमानात गेल्यावर मात्र काम झालं अन् ते एका बाईच्या माणुसकीनं झालं. दारात सिनियर एअर होस्टेस उभी होती तिला दोन्ही बोर्डिंग पास दाखवून हिंदीत सांगितलं की आई पहिल्यांदा बसते आहे, इंग्रजी येत नाही, बीपीच्या गोळ्या आहेत, दर दोन-तीन तासांनी उठावं लागते. ती म्हणाली आत्ता बसून घ्या, दार लागू द्या मंग पाहते. अन् खरंच आली. आईच्या बाजूला आयलवर एक हैदराबादचा पोरगा होता, त्याला तिनं विचारलं, तो लगेच उठला अन् माझ्या मागच्या सीटवर गेला, ती पण आयलच होती म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. आई आयलला, मी मधी. जीव भांड्यात पडला. तं असं झालं तर गेटवर आवाज चढवून फायदा नाही, तिथले लोक घाईत असतात, विमानाच्या दारातल्या माणसाला कारण शांतपणे सांगा अन् त्यांना देता येईल अशी सीट तुमच्या हातात ठेवा. मधल्या सीटच्या बदल्यात कोणी आयल देत नाही, आयलच्या बदल्यात आयल देतात.

सीट निवडायची असेल तं माझं म्हणणं ऐका. दोघं असाल अन् पाय दोघांचेही दुखत असतील तं तीनच्या गटातली आयल अन् रस्त्यापलीकडची चारच्या गटातली आयल घ्या, मधी फक्त रस्ता राहते अन् दोघंही कोणाला न उठवता उठतात. खिडकी म्हाताऱ्या माणसाला देऊ नका, दर वेळी दोघांना उठवायचं म्हणून आपली माणसं लाजतात, पाणी पिणंच बंद करतात अन् तासन् तास तशीच बसून राहतात. भिंतीजवळची पहिली ओळ चांगली वाटते, पण लहान बाळांचे पाळणे तिथंच लावतात, टेबल सीटच्या हाताच्या म्हणजे आर्मरेस्टच्या आत असल्यानं मधला हात वर होत नाही, अन् विमान उडताना-उतरताना पायाजवळ पिशवी ठेवू देत नाहीत, गोळ्या वरच्या कप्प्यात अडकतात. आपत्कालीन दाराजवळ पाय मोकळे होतात पण तिथं दार उघडू शकेल असाच धडधाकट माणूस बसवतात, व्हीलचेअर मागितलेल्याला ती सीट मिळतच नाही. एकदम शेवटची ओळ घेऊ नका, पाठ मागं होत नाही बहुतेक वेळा.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. आयल सीटच्या रस्त्याकडच्या हाताला खालून, मागच्या टोकाला बिजागरीपाशी, बोटानं चाचपलं तं एक बारीक कळ लागते, ती दाबून धरली की हात वर उठते. सगळ्या सीटांना नसते, पण आमच्या सीटला होती. आईचं लुगडं, गुडघे, त्यात उठताना अंग तिरपं करून बाहेर निघायचं म्हणजे तिचं तोंड कसनुसं होत होतं, हात वर केल्यावर ती आरामात बाजूला फिरली, दोन्ही पाय रस्त्यात ठेवले अन् उठली. त्यानंतर दर खेपेला स्वतःच कळ दाबत होती. उडताना-उतरताना हात खाली करावा लागते.

पायाचं सांगतो, कारण यात हलगर्जीपणा चालत नाही. चार तासांच्या वर एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मधे सांगितलं होतं. धडधाकट माणसात हे प्रमाण सुमारे ६००० मधे एक आहे, म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही, पण वय, लठ्ठपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन, आधीची गाठ असं काही असेल तं निघायच्या आधी डॉक्टरला विचाराच. आमच्या डॉक्टरांनी आईला गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे दिले होते, ते मुंबईत घरीच घालून निघालो, विमानात वाकून ते चढवणं होत नाही. बसल्या बसल्या टाच टेकवून पंजा वर, मंग पंजा टेकवून टाच वर, असं तासाला दहा-वीस वेळा करायचं, पोटऱ्या ताणल्या जातात अन् रक्त वर ढकललं जाते. आई मोजत करत होती, बाजूची एक परदेशी बाई पाहून पाहून तिनं पण सुरू केलं. चप्पल पट्ट्याची सैल द्या, बूट नको, उतरायच्या वेळी पाय सुजलेले असतात अन् बूट पायात जात नाही. मी मधल्या सीटवर बसून सांगतो, कंबरेला शाल गुंडाळून पाठीच्या खोलगट भागात ठेवली तं कंबरडं वाचते, विमानातली उशी मानेपेक्षा तिथं जास्त कामाची आहे.

हवा लय कोरडी. आत ओलावा २० टक्क्यांच्याही खाली असते, अन् हवेचा दाब असा ठेवलेला असते की तुम्ही २४०० मीटरपर्यंतच्या उंचीवर बसल्यासारखं होते, आपलं चिखलदरा १११८ मीटर आहे म्हणजे त्याच्या दुपटीच्या वर. त्यानं थोडं दमल्यासारखं वाटते, डोकं जड होते, ओठ फुटतात. पाणी ते इवल्याशा ग्लासात देतात, तेवढ्यानं काही होत नाही. रिकामी बाटली पिशवीत ठेवा, सिक्युरिटीतून रिकामी जाते, आत विमानतळावर नळ असतात तिथं भरून घ्या. मंग विमानात मागं किचनमधे जाऊन पुन्हा भरून मागितली तरी कोणी नाही म्हणत नाही. नाकाला अन् ओठाला खोबरेल तेलाचं बोट लावायचं, छोटी डबी १०० मिलीच्या आत असली की चालते.

आता संडास. लोक या विषयावर बोलत नाहीत अन् आपल्या म्हाताऱ्या माणसांचे सगळ्यात जास्त हाल इथंच होतात. दार ओढायचं नसते, मधी घडी पडणारं असते, मधोमध ढकलायचं. कडी लावल्याशिवाय आतला मोठा दिवा लागत नाही, म्हणून अंधार वाटला तं आधी कडी. फ्लश दाबला की एवढा जोरात आवाज येते की आई पहिल्यांदा बाहेरच आली, "बाप्पा, काही तुटलं का रे माझ्यापासून?" मी तिला परत आत नेऊन दार उघडं ठेवून दाखवलं, झाकण लावून दाब म्हणून सांगितलं. पाण्याचा जेट नसते, कागदच असते, म्हणून पाण्याची रिकामी छोटी बाटली किंवा दोन कागदी ग्लास घेऊन जायचं अन् आतल्या नळाला भरायचं. हे घरूनच नीट समजावून ठेवा, विमानात सगळ्यांसमोर विचारायला आईबाप लाजतात. जेवणाची गाडी परत गेली की लांब लाइन लागते, तं गाडी दिसायला लागली की ती आपल्यापाशी यायच्या आधी उठवून आणा. अन् उतरायच्या तासभर आधी एकदा, कारण मंग पट्ट्याचा दिवा लागते अन् उठू देत नाहीत.

जेवणाला मी चांगलंच म्हणतो. तिकिटासोबत एव्हीएमएल म्हणजे आपल्याकडचं शाकाहारी जेवण टाकून ठेवलं होतं, ते निदान २४ तास आधी सांगावं लागते, मधुमेहवाल्यांचं डीबीएमएल अन् जैन व्हीजेएमएल वेगळं मिळते. याचा दुसरा फायदा असा की असं सांगून ठेवलेलं ताट सगळ्यांच्या आधी येते. भात, डाळ, पनीर, एक थंड पाव, फळं. मीठ-साखर उंचावर जिभेला कमीच लागते, कोरडी हवा अन् आवाज दोन्हीमुळं, म्हणून सगळं सपक वाटते अन् आईला तं वाटलंच. तिनं पिशवीतून दशमी काढली अन् जवसाची चटणी, डाळभातावर चिमूट चिमूट टाकून पूर्ण ताट संपवलं, मला पण दिलं. एक लक्षात ठेवा, अमेरिकेच्या विमानात सोबतच्या पिशवीत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असेल तं वेगळी तपासणी होते, काढून पण घेऊ शकतात, म्हणून चटणीची पुडी लहान ठेवा, बाकीची मोठ्या बॅगेत. ठेचा, लोणचं, तूप सगळं मोठ्या बॅगेत, अन् सुकं खोबरं तं कुठंच नको, त्यातल्या तेलानं ते पेट घेऊ शकते म्हणून मोठ्या बॅगेतूनही काढून टाकतात.

झोप. आमचं विमान सकाळी निघालं अन् पश्चिमेकडं जात राहते म्हणून बाहेर ऊन काही संपत नाही, शिकागोत त्याच दिवशी दुपारी उतरते. आत मात्र खिडक्या बंद करून अंधार करतात. आई पहिले चार-पाच तास झोपली, रात्रीचं जागरण होतं, मंग उठली अन् समोरच्या स्क्रीनवरच्या नकाशाकडं पाहत बसली, विमान युरोपावरून ग्रीनलँडच्या बाजूला सरकत होतं. "सांज काहून होत नाही रे?" तिनं विचारलं. तिच्या हातातलं घड्याळ आम्ही गावच्याच वेळेवर ठेवलं होतं, शिकागो उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असते पण ते उतरल्यावर बदलू म्हटलं. घड्याळात साडेसहा झाले तशी ती म्हणाली मंडळात आता सगळे बसले असतील. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते अन् ती चुकवत नाही. तिनं शाल डोक्यावर घेतली, हात जोडले अन् ओठातल्या ओठात पूर्ण प्रार्थना म्हटली. त्यानंतर तिची घालमेल कमी झाली. घरच्या माणसाचं जे रोजचं असेल, माळ, हरिपाठ, नमाज, वंदना, ते घरच्या वेळेवर होऊ द्या, एवढ्या लांब एका जागी बसताना माणसाला त्याचा फार आधार असते. स्क्रीनवर हिंदी पिक्चर भरपूर, मराठी नावापुरते, म्हणून मोबाईलमधे कीर्तनं टाकून ठेवली होती तीच जास्त चालली.

शेवटचे तीन तास कठीण. तिथं माझा पण जीव मेटाकुटीला आला, गुडघे जागेवर राहत नव्हते, झोप येते अन् मान पडते अन् जाग येते. आई म्हणे, "तू जाऊन उभा राय मागं, मी आहे ना इथं." मागं किचनजवळ जागा असते, तिथं पाच-सात जण उभेच होते, आपल्याकडचे बरेच, कोणी पंजाबचे, कोणी आंध्रचे, सगळ्यांचे आईबाप कुठल्या कुठल्या ओळीत बसलेले. एअर होस्टेसनं सगळ्यांना चहा दिला. हलणं-डुलणं सुरू झालं की जागेवर बसवतात, नाही तं उभं राहायला कोणी हरकत घेत नाही.

व्हीलचेअरला पूर्ण पाच स्टार. आई चालू शकते, पण मोठ्या विमानतळावर गेट बदलायला एवढं लांब चालावं लागते की तिथंच अर्धी ताकद जाते. डब्ल्यूसीएचआर म्हणून सोय असते, तिकिटावर ४८ तास आधी टाकून ठेवायची, पैसे लागत नाहीत. "मी काय लंगडी आहे का" असं घरी आई म्हणत होती, आखातात त्या खुर्चीवाल्या पोरानं तिला वेगळ्या लाइननं सिक्युरिटीतून काढून थेट गेटपर्यंत सोडलं तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो नेपाळचा होता, आईशी हिंदीत बोलला पूर्ण रस्ता, घरी कोण आहे विचारलं. शिकागोला टर्मिनल ५ वर पण खुर्ची दारात तयार होती, फक्त खुर्चीवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात, तेवढा धीर ठेवा. इमिग्रेशनला सोबतच्या एका माणसाला बरोबर येऊ देतात. खुर्ची ढकलणाऱ्याला तिथं दोन-चार डॉलर टिप द्यायची पद्धत आहे, सुट्टे जवळ ठेवा. खाण्याचं काय आणलं विचारलं तं खरं सांगा, सांगितलेल्या वस्तूला दंड नाही, लपवलेलीला आहे. संत्री नेऊ नका, ताजं फळ चालत नाही. ताईनं सांबाराचं म्हणजे कोथिंबिरीचं बी मागितलं होतं ते पण नेलं नाही, बी-बियाणं कागदपत्राशिवाय जात नाही. सरगुंडे, मुगवड्या, पापड सगळं गेलं.

राहिले सीटचे पैसे. घरी आल्यावर कंपनीच्या साइटवर फॉर्म भरला, उत्तर आलं की प्रवासी आयल सीटवर बसल्याची नोंद आहे म्हणून परतावा लागू नाही. ती सीट दुसऱ्या प्रवाशानं उठून दिली होती, तुम्ही दिली नव्हती, असं बोर्डिंग पासचा फोटो जोडून परत लिहिलं आहे, अजून काही आलं नाही. तुम्ही बदललेल्या बोर्डिंग पासचा फोटो गेटवरच काढून ठेवा.

दिवाळीच्या आधी आई परत येणार आहे अन् तेव्हा ती एकटी राहील. यावेळी तिकीट शिकागोहून आखात अन् आखाताहून थेट नागपूर असं काढलं, महाग पडलं तरी. आयल घेतली आहे, संडासपासून चार-पाच ओळी पुढं, खुर्ची टाकली आहे, जेवण टाकलं आहे. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजी अन् हिंदीत लिहून ठेवलं आहे की मला इंग्रजी येत नाही, पाणी हवं, गोळीची वेळ झाली, मला उठायचं आहे, अन् खाली ताईचा अन् माझा नंबर. ताई तिला ते रोज वाचून दाखवते, म्हणजे कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं ते पाठ होईल. विमान बदललं तं नवी सीट कळावी म्हणून निघायच्या आधीच्या दिवशी ताई कंपनीला फोन करणार आहे, कोणाला या मार्गावर एकट्या आईबापाला आणायचा अनुभव असेल तं खाली लिहा, आखातात गेट बदलताना नेमकं काय होते तेवढंच विचारायचं आहे.